खुनी कोण ते लिहायचं नाही

वाचनालयात तिला सगळे वहीबाई म्हणत. खरं नाव सभासदांच्या यादीत पहिल्या दहांत कुठेतरी होतं, पण त्या नावाने हाक मारली असती तर तिनेच मागे वळून पाहिलं असतं, कोणाला बोलावतायत म्हणून. वय पंचाहत्तर. आठवड्यातले पाच दिवस, दुपारी तीन ते सहा, ती जिन्याजवळच्या हिरव्या कपाटापाशी लाकडी खुर्ची टाकून बसे. कपाटात दोनशे बारा पुस्तकं होती, अर्धी रहस्यकथांची आणि अर्धी तेरा ते अठरा वयाच्या मुलामुलींसाठी लिहिलेली. या वयाला घरातलं कोणी धड मोठं मानत नाही आणि धड लहानही मानत नाही, म्हणून त्यांना वेगळं कपाट लागतं, असं तिचं म्हणणं होतं. तीस वर्षं ते कपाट तिने पगाराशिवाय सांभाळलं होतं. किल्ली तिच्या पर्समध्ये आणि वहीही तिथेच.

वाचनालयाचे नवे सचिव म्हणजे तिचे धाकटे दीर. ते तिच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहत. सोमवारी सकाळी ते एक पत्र घेऊन वर आले आणि चहाच्या कपाशेजारी त्यांनी ते व्यवस्थित, टेबलाच्या कडेला समांतर ठेवलं.

"वहिनी, आधी वाचून घ्या, मग रागवा."

"उलट केलं तर? वेळ वाचेल."

पण तिने वाचलं. हिरवं कपाट शनिवारच्या सभेनंतर हलवायचं, पुस्तकं रद्दीत काढायची, जागेवर अभ्यासाची आठ टेबलं टाकायची. कारण खाली लिहिलं होतं. गेल्या दोन वर्षांत, म्हणजे कॉम्प्युटर आल्यापासून, त्या कपाटातली फक्त अकरा पुस्तकं वाचायला गेली होती.

"ते अकरा जण चुकून देवघेवीच्या खिडकीवर गेलेले," ती म्हणाली. "माझ्याकडची पुस्तकं खिडकीवर कोण नेतं? मी लिहून घेते."

"कॉम्प्युटर खोटं बोलत नाही."

"त्याला कोणी काही सांगितलंच नाही तर तो बिचारा बोलणार काय?"

"तेच म्हणतोय मी." दिरांनी खुर्ची पुढे ओढली. "वही द्या. मी स्वतः बसून एकेक नाव चढवतो. शनिवारपर्यंत आकडा वाढला तर मीच म्हणेन, कपाट राहू द्या. मला काय तुमच्या कपाटाशी वैर आहे?"

"आकडा मी सांगते. नावं देणार नाही."

"तुमच्या तोंडच्या आकड्यावर मंडळ विश्वास कसा ठेवेल? बँकेत पस्तीस वर्षं काढलीत मी. सही नसलेला कागद म्हणजे कोरा कागद."

"मग कोरा समजा," ती म्हणाली आणि त्यांचा कप उचलून धुवायला नेला. कपात अजून दोन घोट होते.

वही द्यायची नव्हती, कारण ती नुसती पुस्तकांच्या देवघेवीची वही नव्हती. प्रत्येक वाचणाऱ्याला एक पान. त्यावर वाचलेलं पुस्तक, पुढे कुठलं द्यायचं ते, आणि का ते. पुस्तक सुचवायचं तर माणूस ठाऊक हवा, आणि ठाऊक झालेलं विसरायला नको, म्हणून ती लिहून ठेवी. 'आई गेली चार महिन्यांपूर्वी. आई मरते असं काही देऊ नये, दीपगृहावरच्या मृतदेहाचं चालेल.' 'वर्गात चिडवतात. नायिका जाड असलेलं शोधणे, आणि ती शेवटी बारीक होता कामा नये.' 'घटस्फोट झाला. स्वतः सांगितलं नाही, मला कळलंय असं दाखवू नये. खून नको, चोरी चालेल.' डॉक्टरकडे असतात तसे कागद होते ते. फरक एवढाच की डॉक्टरकडे लोक सांगायला जातात आणि इथे न सांगता येत.

वहीची सुरुवात मात्र गमतीत झाली होती. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा दीर अकरा वर्षांचे होते. सासूबाईंना रहस्यकथा म्हणजे घरात शिरलेलं झुरळ वाटे. ती पिठाच्या डब्यामागे पुस्तक लपवी आणि पोळपाट पुसता पुसता दोन पानं वाचून घेई. हे फक्त त्या पोराला माहीत होतं. त्याने कधी चुगली केली नाही, पण दुसराच छळ मांडला. तो पुस्तक तिच्याआधी पळवायचा, वाचून टाकायचा आणि स्वयंपाकघराच्या दारातून तोंड आत घालून म्हणायचा, "वहिनी, खून मामाने केला." तीन पुस्तकं त्याने अशी मातीत घातली. चौथ्या वेळी तिने त्याचा कान धरला आणि नियम घालून दिला. खुनी कोण ते बोलायचं नाही, लिहायचं नाही. आपल्याला कुठल्या पानावर कळलं, तेवढा आकडा पुस्तकाच्या मागे चिठ्ठीवर लिहायचा. ज्याचा आकडा लहान तो हुशार. पोराला हे फारच आवडलं. त्या उन्हाळ्यात दोघांनी मिळून एकोणतीस पुस्तकं संपवली, आणि कोणी काय वाचलं याचा घोळ होऊ लागला तेव्हा तिने एक वही घातली.

तेच पोर पुढे बँकेत गेलं, त्याला चष्मा लागला, आणि ते सचिव झालं. तिला सगळं आठवत होतं, अगदी पिठाच्या डब्याच्या झाकणाला पडलेला पोचासुद्धा. त्यांना त्यातलं काही आठवत असल्याची खूण तिला कधी दिसली नव्हती.

कपाटातल्या प्रत्येक पुस्तकाच्या मागे अजूनही तशी चिठ्ठी होती. दोन वर्षांपूर्वी कपाटाला वाळवी लागली तेव्हा तिने सगळ्या जुन्या चिठ्ठ्या काढून नव्या चिकटवल्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर वाचनालयाचा तारखेचा शिक्का मारला. मुलं आकडे लिहीत. रहस्यकथा नसलेल्या पुस्तकांवरही लिहीत, पहिल्यांदा रडू आलं ते पान. हा नियम तिने केला नव्हता, तो मुलांनीच काढला.

शुक्रवारी ती तीन वाजता पोचली तर कपाट उघडं. दुसरी किल्ली कार्यालयात असते हे ती विसरली होती. पुस्तकं सरळ उभी होती, पण एक काढून मागे पाहिलं तर चिठ्ठी नाही. दुसरं काढलं, त्यातही नाही. दोनशे बारांतून एकही नाही.

दीर कार्यालयात होते.

"चिठ्ठ्या फाडल्यात तुम्ही?"

"फाडल्या नाहीत. कात्रीने कापल्या, कडेला धरून. पुस्तकाला ओरखडा नाही." त्यांना तिचा चेहरा दिसला असावा. "टाकलेल्या नाहीत, वहिनी. लिफाफ्यात आहेत. सभेत दाखवायला लागतील. तुमच्या कपाटातल्या पुस्तकांवर पोरं काय काय खरडतात ते मंडळाला कळू दे."

"काय खरडतात?"

"आकडे. कसले तरी. काल रात्रभर मोजत होतो."

ती काहीतरी बोलणार होती. मग तिने तोंड मिटलं आणि परत जाऊन खुर्चीवर बसली. जिन्याच्या वरच्या वळणावर एक मुलगी गुडघ्यांवर पुस्तक टेकवून वाचत होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती तिथेच असे. घरी पुस्तक नेत नसे.

"आजी, यातली चिठ्ठी गेली," मुलगी वरून म्हणाली. "मला एकशे चारवर कळलं. कुठे लिहू?"

"डोक्यात ठेव. उद्यापर्यंत."

शनिवारी सभा भरली. मंडळात तिघं होते. अध्यक्ष दातांचे डॉक्टर, चौकातल्या औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई, आणि सचिव. वहीबाई बोलावणं नसताना गेली आणि दाराजवळची खुर्ची ओढून टेबलाशी आणली.

"तुम्हाला बोलायचंय का?" डॉक्टरांनी विचारलं. ते भले गृहस्थ होते, पण समोरच्याने तोंड उघडलं की आधी दातांकडे बघत.

"बसायचंय. मग बघू."

दुकानवाल्या बाईंना अभ्यासाची टेबलं हवी होती आणि त्यांनी ते आडपडदा न ठेवता सांगितलं. "मला तुमच्याबद्दल आदर आहे, वहीबाई. पण ही खुनांची पुस्तकं आता वाचतं कोण? माझ्याच मुलीचं सांगते. मंगळवार-शुक्रवार इथे अभ्यासाला येते, टेबल मिळत नाही म्हणते. गोष्टीचं पुस्तक तिच्या हातात मी वर्षभरात पाहिलेलं नाही. या पिढीला वाचनच नको."

वहीबाईच्या मांडीवर पर्स होती आणि पर्समध्ये वही. बाईंच्या मुलीचं पान तिला उघडल्याशिवाय दिसत होतं. दोन वर्षांत अठ्ठ्याहत्तर पुस्तकं. शेवटी लिहिलेलं, 'घरी नेत नाही, आई रागावते. पहिली आली नाही तर काय होईल याची भीती. हरणाऱ्या मुलीचं पुस्तक देणे.' ते पान एकदा टेबलावर ठेवलं असतं तर सभा तिथेच संपली असती.

"वहीबाई," डॉक्टर म्हणाले, "कोणी वाचत असेल तर दाखवा ना. वही आहे म्हणे तुमच्याकडे."

"आहे."

"मग?"

"ती दाखवणार नाही. कपाट गेलं तरी नाही. कपाटाबरोबर मलाही रद्दीत काढलंत तरी नाही."

"हट्ट आहे हा," दीर म्हणाले.

"हो. तुम्ही पुढचं वाचा, भावजी. तुमचा अहवाल राहिलाय."

दिरांनी घसा साफ केला. त्यांच्या अहवालाला तीन पोटकलमं होती आणि ती त्यांनी सावकाश वाचली. दोनशे बारा पुस्तकांच्या मागे अनधिकृत चिठ्ठ्या आढळल्या. त्यांवर निरनिराळ्या हस्ताक्षरांत आणि निरनिराळ्या शायांत मिळून एक हजार नऊशे सात आकडे खरडलेले आहेत. सबब, सदर पुस्तकांची नासधूस झाली असून ती ठेवण्यायोग्य नाहीत. त्यांनी लिफाफा टेबलावर पालथा केला. चिठ्ठ्यांचा ढीग पडला.

"किती म्हणालात?" वहीबाईने विचारलं.

"एक हजार नऊशे सात."

"नक्की?"

"दोनदा मोजलेत," दीर जरा दुखावून म्हणाले.

"सही केलीत अहवालावर?"

"अर्थात."

"मग झालं." तिने एक चिठ्ठी उचलून डॉक्टरांपुढे सरकवली. "पुस्तक वाचताना खुनी कोण ते ज्या पानावर कळलं, किंवा पहिल्यांदा रडू आलं, त्या पानाचा आकडा आहे हा. एका वाचणाऱ्याचा एक आकडा. वर शिक्का बघा, दोन वर्षांपूर्वीचा आहे. वाळवीनंतर सगळ्या चिठ्ठ्या नव्या लावल्या, कागदाच्या मागणीवर तुमचीच सही होती. म्हणजे कॉम्प्युटर आल्यापासून अकरा आणि हे एक हजार नऊशे सात. मला कोणाचं नाव घ्यावं लागलं नाही. सचिवांनी मोजून, सही करून आणून दिलंय."

दिरांनी अहवाल उलटा करून पाहिला, जणू मागच्या बाजूला वेगळा आकडा असेल.

डॉक्टर हसले. "नव्याण्णव, एकशे चाळीस, बारा. बारा? बाराव्या पानावर कळलं?"

"तो थापाड्या आहे," वहीबाई म्हणाली. "सगळीकडे बारा लिहितो."

दुकानवाल्या बाई हसल्या नाहीत. त्यांच्या हातात एक चिठ्ठी होती. त्यांनी ती चष्म्याजवळ नेली, ठेवली, दुसरी उचलली, मग तिसरी. त्यांच्या दुकानात औषधांच्या पाकिटांवर गोळ्यांच्या वेळा लिहायला कधीमधी त्यांची मुलगी बसते. तिच्या चारच्या आकड्याला वर छोटीशी टोपी असते.

"ही मी ठेवून घेऊ का?" त्यांनी शेवटी विचारलं.

"नाही. ती पुस्तकाची आहे."

बाईंनी चिठ्ठी परत ढिगावर ठेवली, पण हात लगेच काढला नाही. "कपाट राहू दे," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "टेबलं मागच्या खोलीत टाकू."

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. दिरांनी सूचना मांडली की निदान यापुढची नावं कॉम्प्युटरवर चढवावीत. वहीबाई म्हणाली, चढवणार नाही. मग कपाट जरा आतल्या बाजूला सरकवावं, जिन्यावर गर्दी होते. ती म्हणाली, सरकवणार नाही, आणि चिठ्ठ्या कापल्या त्यांनीच चिकटवून द्याव्यात, डिंक कपाटात आहे.

तासाभरात दीर चिठ्ठ्यांचा ढीग आणि डिंकाची बाटली घेऊन तिच्या शेजारी बसले होते. कुठली चिठ्ठी कुठल्या पुस्तकाची, हे त्यांनी प्रत्येकीच्या कोपऱ्यात बारीक पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. बँकवाला म्हणून त्या क्षणी तिला त्यांचं कौतुक वाटलं. तिने ते दाखवलं नाही.

"हा असला खेळ काढला कोणी?" ते म्हणाले. "पानाचा आकडा लिहायचा."

"एक पोरगा होता. खुनी कोण ते ओरडत फिरायचा. त्याचा कान धरावा लागला."

त्यांचं बोट डिंकावर थांबलं. मग हळूहळू त्यांनी स्वतःच्या उजव्या कानाला हात लावला, आणि कानाला डिंक लागला.

"मामाने," ते म्हणाले.

"गप्प बसा. ते पुस्तक अजून कपाटात आहे."

थोडा वेळ दोघं चिकटवत राहिले. जिन्याच्या वळणावर ती मुलगी येऊन बसली होती आणि चिठ्ठी परत आली का म्हणून खाली वाकून पाहत होती. वहीबाईने तिला कालचं पुस्तक दिलं, चिठ्ठी चिकटवलेलं. मुलीने आकडा लिहिला, टोपीवाल्या चारसकट.

"वहिनी," दीर म्हणाले, "माझं पान असेल ना त्या वहीत? पहिलंच?"

"आहे."

"काय लिहिलंय?"

"नाही दाखवणार."

"माझंच आहे की. माझं मला दाखवायला काय हरकत आहे?"

तिने पर्स मांडीवर ओढून घेतली आणि चेन लावली.

"तुमच्या पानाच्या पाठीमागे दुसरं कोणीतरी आहे," ती म्हणाली.