कमानीबाहेर

शिगेकीची होडी गेल्या हिवाळ्यात समुद्रात गेली ती परतलीच नाही. तेव्हापासून त्याची बायको चिसातो दर महिन्याला सासूला हाताला धरून डोंगरावरच्या देवळात नेत होती. वाटेत कुणी हळहळलं की म्हातारी तोमे फणकारायची, "सुतक असतं तर देवाच्या कमानीखालून गेले असते का मी? जिवंत आहे माझं पोरगं!" म्हातारीला भ्रम झालाय, हे चिसातोला कळत होतं. पण त्या भ्रमावरच तिचेही दिवस निघत होते.

आज चढणीवर म्हातारी गप्पच होती. ना गुडघ्यांच्या नावानं खडे फोडले, ना सुनेच्या मिसो सूपला नावं ठेवली. देवदारांच्या सावलीत लाल कमान आली. चिसातोनं सवयीनं मान लववून आत पाऊल टाकलं. मागं वळून पाहते तर सासू बाहेरच दगडावर बसलेली.

"आई, चला ना. दम लागला का?"

"दम कसला लागतोय मला! मी नाही येत."

"अहो, पण का?"

म्हातारीनं कमानीकडं पाहिलंसुद्धा नाही. "घरात सुतक आहे गं," ती म्हणाली.

चिसातोनं आत टाकलेलं पाऊल हळूच मागं घेतलं.