दोघी जावांमधली जाळी

"हात नको लावू रं तिला, ओली हाय ती अजून!"

माझ्या कानी पडलेला हा पहिला आवाज. तसे मला कान नाहीत. चार पाकळ्या आहेत आणि त्या पाकळ्या म्हणजे नुसती पोकळी. जे ऐकते ते त्या पोकळीतूनच ऐकते. तो आवाज होता आम्हाला पाणी पाजणाऱ्या जनाबाईचा, आणि त्याला किती वर्षं झाली ते मी मोजलेलं नाही. पण वाऱ्याची झुळूक आरपार गेली की कधी कधी वाटतं, आत्ताच कुणीतरी माझ्यासाठी कुणाला तरी दटावलं.

मित्रांनो, मी सिमेंटची जाळी. कडाव गावात दोन घरांच्या मधोमध एक बुटकी भिंत आहे, तिच्यात वरच्या रांगेत मी बसले आहे. चौकोनी अंग, आणि आत चार पाकळ्यांचं फूल. फूल तरी काय, जिथे सिमेंट भरलं नाही तिथे फूल उमललं! तुम्ही मला कुठल्या तरी जिन्यात, न्हाणीच्या खिडकीत, शाळेच्या व्हरांड्यात नक्की पाहिलं असेल. माझ्या पाकळीत बोट घालून उगाच फिरवलंही असेल. ओळख तेवढी झाली नाही, ती आज करून घेऊ.

माझा जन्म साजगावचा. मोठ्या कारखान्यांच्या आडोशाला एक लहानसं आवार होतं. तिथे लोखंडी साच्याला आतून जळकं तेल पुसायचे, सिमेंट, रेती आणि बारीक खडी कालवून तो माल साच्यात ठासून भरायचे, वरून थापटायचे आणि मग श्वास रोखून साचा उचलायचे. उचलताना हात जरा थरथरला की पाकळी ढासळलीच. माझ्या कितीतरी बहिणी अशा जन्मता जन्मता परत मालात मिसळून गेल्या.

जनाबाई डोंगराच्या पायथ्याच्या वाडीवरून कामाला यायची. आमच्यावर ओली गोणपाटं घालायची आणि दिवसभर पाणी मारायची. "पी गं बायो, पी," म्हणायची, "पानी प्यालीस तरच घट्ट व्हशील." सिमेंटचं असंच असतं, मित्रांनो. घाईनं उन्हात टाकलं तर वरून वाळतं आणि आतून भुसभुशीत राहतं. माझ्या अंगात आज जे बळ आहे, ते जनाबाईच्या पाण्याचं आहे.

मग एक दिवस टेंपोत पेंढ्यावर बसून आम्ही कडावला आलो.

कडावच्या त्या घराची गंमत सांगते. घर दोन भावांचं. थोरला हिरामण खोपोलीच्या कारखान्यात कामाला, धाकटा रोहिदास भातशेती आणि म्हशी सांभाळणारा. थोरल्याची बायको जयवंता, धाकट्याची नंदा. चुली वेगळ्या झाल्या होत्या, पण पुढचं खळं एकच होतं. एकदा रोहिदासची म्हैस दावं तोडून आली आणि जयवंतानं खळ्यात वाळत घातलेल्या तांदळाच्या फेण्या चाटूनपुसून खाऊन गेली.

जयवंता म्हणाली, "म्हशीला बरं कललं गं, कुनाचं खायाचं नि कुनाचं नाय!"

नंदा म्हणाली, "मुक्या जनावराला टोमनं कशाला? मलाच मारा की दोन!"

शब्दानं शब्द वाढला आणि खळ्यात भिंत आली. हिरामण म्हणत होता, चांगली भरीव विटांची बांधू. जयवंता म्हणाली, "वारा अडल, जाली घाला वर." म्हणून खाली विटा आणि वर आम्ही. पोपट गवंड्यानं दोरी लावून, ओळंबा सोडून आम्हाला बसवलं आणि वर बोट फिरवून म्हणाला, "बघा, भांडन पन कसं सुंदर दिसतंय!"

पण माझ्या अंगाला काही भांडण टिकत नाही. मी जाळी. माझ्यातून वारा जातो, उजेड जातो, सुकटीच्या कालवणाचा वास जातो. थोडे दिवस दोघी एकमेकींना पाठ करून बसल्या. मग एका सकाळी नंदाच्या बोटांनी माझ्या पाकळीतून कढीपत्त्याचा डहाळा पलीकडे सरकवला. दुसऱ्या दिवशी पलीकडून दोन ओल्या मिरच्या आल्या. माधवी, जयवंताची लेक, तेव्हा एवढीशी होती. ती माझ्या पाकळीला तोंड लावून ओरडायची, "काकी, भाजल्याल्या शेंगा दे गं!" आणि काकी एकेक शेंग तिच्या जिभेवर ठेवायची. पोरगी निम्मी आईच्या कडेवर वाढली, निम्मी काकीच्या.

ते माझे सोन्याचे दिवस, मित्रांनो. माझ्यावर घोसाळ्याचा वेल चढला. कुंभारीण माशीनं कोपऱ्यात मातीचं बिऱ्हाड केलं. दुपारी माझ्या फुलाची सावली खळ्यातल्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडे आणि मांजर त्या सावलीवर झोपे.

आणि दुपार कलली की माझ्या दोन बाजूंना दोघी येऊन बसत. जयवंता गावची धवलारीण. आमच्या या भागात लग्नात बायका धवले गातात. हळद असो, मांडव असो, नवरी निघायची वेळ असो, धवल्याशिवाय काही हलत नाही. धवला एकटीनं होत नाही. एकीनं ओळ सोडायची, दुसरीनं ती झेलायची. जयवंता सोडायची, नंदा झेलायची. पंचक्रोशीतली लग्नं या जोडीनं लावली. कुणाच्या घरी लग्न निघालं की आधी माझ्याजवळ दोघींची तालीम व्हायची. अर्धा धवला इकडून, अर्धा तिकडून, आणि मध्ये मी. सिमेंटच्या अंगाला गाणं समजावं असं नशीब कितींचं असतं?

मध्यंतरी आमचं कौतुकही फार झालं. कर्जतच्या बाजूला बागबंगले उठले. तिथली सुरभी नावाची एक मुलगी रोहिदासकडे दुधाला यायची. मला बघून ती थांबलीच. "अय्या, खरी जुनी जाळी! आमच्याकडे हीच लावतायत आता. बागेला आडोसा, गच्चीला कठडा, कपडे वाळत घालायच्या जागेपुढं पडदा." तिनं माझे फोटो काढले. म्हणजे माझ्या धाकट्या बहिणी आता पांढऱ्या रंगात न्हाऊन बंगल्यांच्या बागेत उभ्या आहेत. ऊन चाळून देतात, वाटसरूची नजर अडवतात आणि वाऱ्याला वाट देतात. ऐकून माझ्या पाकळ्या फुलल्या, खोटं कशाला बोलू!

मग माधवीचं लग्न ठरलं, आणि माझे दिवस फिरले.

आमच्याकडची रीत अशी. लग्नाचं बोलावणं नवरीच्या आईनं दारोदार जाऊन करायचं. उंबऱ्यावर अक्षता आणि सुपारी ठेवायची, घरधनिणीला हळदकुंकू लावायचं आणि 'या' म्हणायचं. बोलावणी निघायची त्या सकाळी नंदानं अंगण सारवलं, उंबऱ्याला हळदीची बोटं ओढली, ठेवणीतलं लुगडं नेसून ती दारात उभी राहिली. मी एका बाजूनं तिला बघत होते, दुसऱ्या बाजूनं ताट घेऊन निघालेल्या बायकांना. जयवंता सगळ्यांच्या पुढे. ती नंदाच्या दारावरून गेली. थांबली नाही. शेजारच्या गोमा आजीच्या दारात शिरली.

नंदा तशीच उभी. मग आत गेली आणि लुगडं बदलून बाहेर आली.

दुपारी रोहिदास जेवायला बसला तेव्हा ती म्हणाली, "पार यष्टी थांब्यापावतर सुपारी वाटली. माज्या उंबऱ्याशी पाय पन अडखलला नाय. येवढी परकी झाले मी?"

"अगं, इसरली आसंल," रोहिदास म्हणाला.

"गावात कोनाच्या कुत्रीला पिल्लं झाली ते इसरत नाय ती, नि मला इसरंल?"

आणि त्याच दुपारी भिंतीच्या दुसऱ्या बाजूला हिरामण जयवंताला विचारत होता, "नंदाकडं नाय गेलीस?"

"तिच्याकडं कशाला जाऊ? घरच्या मानसाला कोन बोलावनं देतं? ती काय पावनी हाय?"

"पन मधी भिंत हाय गं आता. तिला वाईट वाटंल."

"भिंत हाय म्हनूनच तर! आता तिच्या उंबऱ्यावर सुपारी ठेवली तर गाव काय समजंल? का ही भायेरची झाली. ती आपसूक येल बघा. तिच्याबिगर हलदीचा घाना भरंल का कुनी?"

मित्रांनो, दोन्ही बाजूंचं बोलणं मी ऐकलं, पण दोघी ते आपापल्या घरात, दबक्या आवाजात बोलल्या. माझ्यापाशी येऊन एकही बोलली नाही. एक वाट बघत होती बोलावण्याची, दुसरी वाट बघत होती न बोलावता येण्याची. आणि मला पाकळ्या आहेत, जीभ नाही.

दिवस जात राहिले. माझ्यातून कढीपत्ता जायचा थांबला. जयवंता रोज दुपारी माझ्यापाशी यायची, पलीकडे कुणी नाही असं बघून उगाच वेलाची पिवळी पानं खुडायची आणि परत जायची. नंदा आतून बघायची, पण उठायची नाही.

मांडवाच्या दिवशी सकाळी नंदानं पोपट गवंड्याला बोलावून घेतलं.

"बुजव रं पोपटदादा ही जाली. सगली भोकं बुजव."

पोपटनं डोकं खाजवलं. "वयनी, आज? पलीकडं मांडव चाललाय. अशा दिवशी जाली बुजवनाऱ्या तुमीच पयल्या!"

"तुला इचारलं का मी? घमेलं उचल."

कधी कुणी तुमचं तोंड हातानं दाबून धरलं आहे का? पोपट खालच्या रांगेपासून निघाला. थापीनं माल उचलायचा, पाकळीत दाबायचा, सपाट करायचा. माझ्या खालच्या बहिणी एकेक करून आंधळ्या झाल्या. त्यांच्यातून येणारा मांडवाचा गलबला कमी कमी होत गेला.

इथे थांबून मला तुमच्यापाशी एक मागणं मागायचं आहे. तुमच्या घरी, शाळेत, बागेत माझी एखादी बहीण असेल तर तिच्या पाकळीत कागद, चुरगळलेल्या पिशव्या कोंबू नका. पाऊस सरला की नारळाच्या काथ्यानं तिचं शेवाळ घासा. कुंभारीण माशीचं घर असलंच तर ती उडून जाईपर्यंत थांबा. आणि घरात कुणाशी बिनसलं तर राग जाळीवर काढू नका. तिच्यामागे कोण उभं आहे, ते एकदा डोकावून बघा.

पलीकडे घाणा भरायची वेळ झाली. मांडवात उखळ मांडलं, त्यात हळकुंडं टाकली, मुसळाला आंब्याचा टहाळा बांधला. दोन सवाष्णींनी मुसळ धरायचं आणि धवला म्हणत हळद कांडायची, अशी रीत. जयवंतानं एका हातानं मुसळ धरलं आणि ओळ सोडली,

"उखळ मांडलं दारी गं, हिरव्या मांडवाच्या दारी..."

आणि ती थांबली. ओळ झेलायला कुणी नव्हतं. खोपोलीहून आलेल्या पाहुण्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या. एक म्हणाली, "मावशी, मोबाइलवर लावू का गानं?" दुसरी म्हणाली, "मी धरते मुसळ, पन मला येत नाय बाई तुमचं ते."

जयवंतानं परत ओळ सोडली. आवाज माझ्यापर्यंत आला, पण निम्माच, कारण खालची रांग बुजली होती. भिंतीला पाठ लावून बसलेल्या नंदाचे ओठ हलले. मी पाहिलं. आवाज मात्र तिनं गिळला.

आणि पोपटची थापी माझ्यापाशी आली. गार ओला माल माझ्या खालच्या पाकळीत घुसला.

भिंतीवर थापी घासल्याचा खरखराट जयवंतानं ऐकला. तिनं मुसळ तसंच सोडलं. हळदीच्या हातांनी, पदर खोचलेला, ती मांडवातून तरातरा आली. माझ्या उरलेल्या पाकळ्यांतून तिनं पलीकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं.

"पोपट, हात थांबव!"

पोपटची थापी हवेत राहिली. ती एक पाकळी माझी आजही बुजलेली आहे.

"नंदे," जयवंता म्हणाली. नंदानं मान वळवली नाही.

"समद्या गावात फिरले, तुज्या दारात नाय आले. मुद्दाम नाय आले. सुपारी भायेरच्याला देत्यात गं. तुज्या उंबऱ्यावर ती ठेवली असती, तर आपलं घर मी माज्या हातानं दोन केलं असतं."

पोपटनं घमेलं खाली ठेवलं. मग नंदा उठली, वळली. तिचे डोळे माझ्या पाकळीपाशी आले.

"मला मान नको व्हता, जाऊबाय. सुपारी पन नको व्हती. जाता जाता नुसतं 'चल' म्हनला असता, तर धावत आले असते."

जयवंतानं हळदीचं बोट माझ्या पाकळीतून आरपार घातलं आणि नंदाच्या कपाळाला टेकवलं.

"मंग चल की गं," ती म्हणाली.