बोटभर माया

मी शिंपी आहे आणि तापट आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाची तक्रार नको. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात. माणूस अंगानं सुटला की शिवण उसवायची, माया सोडायची, कपडा पुन्हा अंगाला येतो. जन्मभर मी माप चोख घेतलं आणि वर बोटभर माया ठेवली. घट्ट कपडा शिवला म्हणजे शिंप्याची अब्रू गेली, असं माझं साधं मत होतं.

आमची सूनबाई ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवते. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसते, तरी तिचा आवाज चढलेला कुणी ऐकलेला नाही. मुलगा जहाजावर, महिनोन्महिने घरी येत नाही, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. मी ओरडतो, ती "बरं बाबा" म्हणते. मी केलेल्या भाजीत मीठ मूठभर पडलं तरी "छान झालीय बाबा" म्हणून पानातली संपवते. असं आमचं गुण्यागोविंदानं चाललं होतं.

एक दिवस मला म्हणाली, "बाबा, रेस ट्रॅकवर नवोदितांची शर्यत आहे. माझी निवड झालीय. जाऊ का?"

मी आधी जागेवर ओरडलो, मग येरझाऱ्या घालत ओरडलो आणि शेवटी दमून मुलाला फोन लावला. तो तिकडून म्हणाला, "जाऊ द्या हो बाबा, तिचं लग्नाआधीपासूनचं वेड आहे ते. फक्त डोक्याला काही होणार नाही एवढं बघा." झालं! बोलून मोकळा झाला आणि घोर माझ्या गळ्यात अडकवला. तिच्या केसालाही धक्का लागला असता तर मी त्याला कोणतं तोंड दाखवणार होतो?

म्हणून हेल्मेट मीच आणायचं ठरवलं. टेप काढली. भुवयांच्या जरा वरून, कानांच्या वरून आणि मागे डोकं जिथं सगळ्यात बाहेर येतं तिथून फिरवली. माप चोख घेतलं. दुकानात जाऊन मोटारीच्या शर्यतीचं हेल्मेट मागितलं आणि त्या मापाच्या एक नंबर वरचं बांधून घेतलं. दुकानदार म्हणाला, "ज्यांना घालायचंय त्यांनाच आणा की." मी म्हटलं, "माप मी घेतलंय. तुम्ही मला मापं शिकवू नका."

सूनबाईनं घातलं, मान इकडे तिकडे वळवली. मी विचारलं, "कसं वाटतंय?"

"छान आहे बाबा. आत हवा खेळते."

माझी छाती अशी फुगली की सदऱ्यातली माया कामाला आली असती.

शर्यतीच्या आदल्या दिवशी ट्रॅकवर गाडीची आणि सामानाची तपासणी असते. एका लांबलचक शेडमध्ये टेबल मांडून एक मिशीवाला तपासनीस बसला होता. त्यानं हेल्मेट उलटंसुलटं करून पाहिलं, आतला शिक्का वाचला, मान डोलावली. मी म्हटलं, जिंकलो. मग त्यानं ते सूनबाईच्या डोक्यावर चढवलं, हनुवटीखालचा पट्टा आवळला, मागून कडेला बोटं लावली आणि हळूच वर ढकललं. हेल्मेट सुळकन पुढे आलं, तिच्या डोळ्यांवरून घसरलं आणि पट्टा लावलेलाच असताना त्याच्या हातात आलं!

"हे कुणी निवडलं?" तपासनीस म्हणाला.

"मी," मी म्हटलं. "मुद्दाम जरा सैल घेतलंय. बोटभर माया ठेवलीय."

"काका, गाडी कशाला आपटली तर पहिल्या दणक्यातच हे डोक्यावरून उडेल आणि दुसरा दणका डोक्याला बसेल. मग ती माया काय कामाची?" तो शांतपणे म्हणाला. "संध्याकाळपर्यंत डोक्याला घट्ट बसणारं आणलंत तर उद्या गाडी, नाहीतर नाही."

त्या माणसानं बोटं लावली नसती तर मी स्वतःच्या हातानं तिला ते घालून पाठवलं असतं. घाम पुसत त्याचे इतके आभार मानले की तो बिचारा ओशाळला. सूनबाई मात्र खाली मान घालून उभी होती.

फाटकाजवळच शर्यतीच्या सामानाचं दुकान होतं. दुकानदारीणबाई धिप्पाड, खांद्यावर टेप टाकलेली. मला बरं वाटलं, धंदेबंधू भेटला. तिनं सूनबाईच्या डोक्याकडे वरून पाहिलं, बाजूनं पाहिलं आणि म्हणाली, "घेर सगळेच मोजतात काका, आकार कुणी बघत नाही. हिचं डोकं पुढून मागे लांबट आहे. गोल घडणीचं हेल्मेट घेराला बसेल, पण कपाळाला टोचेल." मी गप्प राहिलो. माझं गप्प राहणं ही बातमी आहे, पण तिची दखल घ्यायला कुणाला वेळ नव्हता.

पहिलं हेल्मेट घातलं. "कसं आहे?" बाई म्हणाली.

सूनबाईनं माझ्याकडे पाहिलं. "छान आहे."

"असं लगेच सांगू नका. थोडा वेळ घालून बसा." बाई दुसरं गिऱ्हाईक बघायला गेली. सूनबाई स्टुलावर बसून राहिली, हात मांडीवर, चेहरा गणिताच्या परीक्षेला बसल्यासारखा. मी मध्येमध्ये विचारत होतो, "बरं वाटतंय ना?" आणि ती मान हलवत होती. बाईनं परत येऊन हेल्मेट काढलं. सूनबाईच्या कपाळावर बरोब्बर मध्ये लालभडक वळ उठला होता, दोरी आवळून बांधावी तसा.

"अहो, हे दुखलं नाही?"

"थोडंसं," सूनबाई पुटपुटली.

तो वळ बघून माझं डोकं फिरलं. "थोडंसं? अगं, थोडंसं काय? एवढा वेळ तोंडाला कुलूप लावून बसलीस? उद्या त्या गाडीत कपाळ ठणकायला लागलं तर वळण बघशील का कपाळ धरशील? आणि मी आणलेलं ते सैल होतं हे तुला पहिल्या दिवशी कळलं होतं की नव्हतं?"

सूनबाईचे डोळे भरले.

"कळलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही इतक्या हौसेनं आणलं, तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"मग वाटू दे की! मला वाईट वाटलं तर मी ओरडेन, चहा पिईन आणि झोपेन. तुझं डोकं फुटलं तर काय शिवणार आहे मी ते?"

माझाच आवाज फाटला. मला रडू आलं होतं, उगाच कशाला लपवू. आणि त्या क्षणी काय झालं कोण जाणे, आमच्या सूनबाईचा बांध फुटला.

"बरं, मग ऐका! हे हेल्मेट टोचतं. तुम्ही आणलेलं डोक्यावर भोपळ्यासारखं फिरत होतं. भाजीत तुम्ही मीठ फार घालता. पहाटे रेडिओ मोठ्यानं लावता. आणि तुम्ही मला शिवलेले सगळे शर्ट ढगळ होतात बाबा, मी ते कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून टिपा मारून घट्ट करून आणते!"

"कुणाकडून?"

"कोपऱ्यावरच्या."

"त्या कात्रीबहाद्दराकडून? ज्याला सरळ काज करता येत नाही त्याच्याकडून?"

"त्याचं माप बरोबर येतं," सूनबाई नाक पुसत म्हणाली.

दुकानदारीणबाई हेल्मेटांच्या फळीकडे तोंड करून हसत होती, तिचे खांदे हलत होते. मला राग यायला हवा होता. पण छातीवरचं काहीतरी ओझं उतरल्यासारखं वाटलं आणि मीही खो खो हसत सुटलो. इतकी वर्षं सूनबाई माझ्या घरात राहत होती आणि आज पहिल्यांदा भेटली.

त्यानंतर काम झटपट झालं. दुसरं हेल्मेट कानापाशी दाबतं म्हणाली, परत दिलं. तिसरं कपाळाला बसलं, पण गालापाशी पोकळ आहे म्हणाली, तेही परत. चौथं चढवताना दोघींना जोर लावावा लागला. गाल असे वर आले की डोळे बारीक झाले आणि बोलताना गाल दाताखाली यायला लागले. बाईनं हेल्मेट धरून डावीउजवीकडे फिरवलं, तर कपाळाची कातडीही बरोबर फिरली. मागून वर ढकललं, हललं नाही. बराच वेळ बसवून काढलं तर कपाळावर सगळीकडे सारखी गुलाबी झाक, वळ कुठेच नाही.

"हेच," सूनबाई म्हणाली. मला न विचारता. मिशीवाल्यानं त्यावर शिक्का मारला तेव्हा मी देवाचं नाव घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी जाळीला नाक लावून उभा होतो. सूनबाई बऱ्यापैकी पुढे होती. मग लांबच्या वळणावर मागच्या गाडीनं तिला घासलं, तिची गाडी गरकन फिरली आणि कडेच्या टायरांच्या ढिगावर आदळली. माणसं धावली. दार उघडलं. ती स्वतःच्या पायांनी बाहेर आली, डोक्यावर हेल्मेट जिथल्या तिथं.

मी कसा पळालो ते मला माहीत नाही. ट्रॅकवरच्या दवाखान्याच्या खोलीत पोचलो तेव्हा ती खाटेवर बसली होती. डॉक्टर बॅटरीनं तिचे डोळे बघत होते. मी तिचा खांदा घट्ट धरला.

"डोकं ठीक दिसतंय," डॉक्टर म्हणाले. "कुठं दुखतंय का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. माझं पांढरंफटक तोंड बघून आता ही काही नाही म्हणणार, मला जपणार आणि आतलं आत ठेवणार.

"दुखतंय," सूनबाई म्हणाली. "मान. डावीकडे. वळवली की जास्त."

माझा जीव भांड्यात पडला. मी मोठ्यानं हसलो. डॉक्टर चमकले. "काका, त्यांना दुखतंय आणि तुम्ही हसताय?"

"तुम्ही तपासा हो," मी म्हटलं, "ती सगळं सांगेल."

त्यांनी मान चाचपली, बोटं हलवायला सांगितली आणि म्हणाले, स्नायू आखडलाय, बाकी घाबरण्यासारखं काही नाही.

"आणि बाबा," सूनबाई म्हणाली, "हात काढा. खांदा दाबताय."

मी लगेच काढला.