शांतता राखण्याची हमी

“सही करायची आणि घरी जायचं. एवढंच तर आहे,” असं म्हणत वकील कुंडलिकराव सणसांनी पेनाचं टोपण काढलं आणि पेन पुढे धरलं.

माया ओव्हाळनं ते घेतलं नाही. वेल्ह्याच्या तहसील कचेरीच्या व्हरांड्यात ती खांबाला धरून उभी होती. अंगावर ठेवणीतली साडी आणि पायात शेतातल्या चपला.

“पर साहेब, म्या काय केलं?”

सकाळपासून तिचा हा एकच प्रश्न चालला होता. कुंडलिकरावांना उत्तर ठाऊक होतं. तिनं काहीच केलं नव्हतं.

म्हणजे अगदीच काही नाही, असंही नाही. पालीच्या पलीकडे, राजगड किल्ल्याच्या अंगाला तिची वस्ती. बौद्धांची थोडी घरं. उन्हाळ्यात तिथे नळ योजनेचं उद्घाटन झालं. आदल्या दिवशी कोणीतरी टाकीत टँकर रिकामा करून ठेवला होता. पाहुण्यांनी तोटी फिरवली, पाणी आलं, फोटो निघाले. पाहुणे गाडीत बसायला निघाले, तशी माया बायकांमधून पुढे आली आणि म्हणाली, “साहेब, तुमी ग्येल्यावर ह्ये पानी कुठं जातं?” लोक हसले. पाहुणेही हसले. पण त्यांच्या मागे उभ्या असलेल्या एकानं तिचं नाव विचारून घेतलं. आता मंत्र्यांचा दौरा ठरला होता आणि मायाच्या घरी नोटीस आली होती: आपल्याकडून सार्वजनिक शांततेचा भंग होण्याची शक्यता आहे, तरी वर्षभर शांतता राखण्याचं बंधपत्र लिहून द्यावं.

दौरा आला की अशा नोटिसा निघतातच. “दौरा म्हणजे आपला हंगाम,” असं भोरच्या कोर्टाबाहेर चहा पिताना कुंडलिकराव स्वतःच म्हणत. नोटीस मिळालेला माणूस घाबरून येतो. वकील त्याला सांगतो की ही शिक्षा नव्हे, नुसता कागद आहे. माणूस सही करतो, दौरा पार पडतो, कागद फायलीत जातो. सगळे खूश.

फरक एवढाच की कुंडलिकराव लिहायचेसुद्धा. पुण्याच्या एका साप्ताहिकात दर रविवारी त्यांचा लेख यायचा. राज्याच्या राजकारणावर त्यांची लेखणी भलतीच चाले. सकाळी एका पक्षात चहा घेऊन दुपारी दुसऱ्या पक्षात जेवणाऱ्या आमदारांची ते अशी काही हजेरी घेत की वाचणाऱ्याला गुदगुल्या व्हाव्यात. वेल्हे तालुक्याचं नाव बदलून राजगड झालं तेव्हा त्यांनी लिहिलं होतं, ‘पाटी नवी, खड्डे तेच.’ हे वाक्य भोरच्या बाजारपेठेत लोक एकमेकांना ऐकवत होते. वाक्य जमून आलं की ते बायकोला, रत्नाबाईंना, मोठ्यानं वाचून दाखवत, आणि त्या “छान” म्हणाल्या की कुंडलिकरावांना वाटे, काम झालं.

गेल्या महिन्यात त्यांनी नेमकं या नोटिसांवरच लिहिलं होतं. ज्यानं काही केलेलं नाही त्याच्याकडून पुढेही काही करणार नाही असं लिहून घेणं, हा त्याचा अपमान आहे. शिवाय चौकशी सुरू झाल्याखेरीज तडकाफडकी असं बंधपत्र मागताच येत नाही, कायदा स्वच्छ आहे. शेवट तर त्यांना फारच आवडला होता: ‘सही करण्याआधी नागरिकाने एवढंच विचारावं, मी काय केलं?’

मायाच्या मुलीनं, संजीवनीनं, हा लेख मोबाईलवर वाचला आणि विहारात सगळ्या वस्तीला वाचून दाखवला. म्हणूनच नोटीस आल्यावर माया जवळचे वकील सोडून, नसरापूरला एसटी बदलून, कापूरहोळवरून भोरला यांच्या ऑफिसात येऊन बसली होती. “तुमी लिवलंय त्येच सायबाला सांगायचं. लई पटलंय समद्यांना,” ती म्हणाली होती. आपला लेख डोंगरातल्या विहारात वाचला गेला, या आनंदात कुंडलिकरावांनी वकीलपत्र घेऊन टाकलं.

तो आनंद आज सकाळपर्यंत टिकला. सकाळी सोपानरावांचा फोन आला. सोपानराव मंत्र्यांच्या पक्षाचे तालुकाध्यक्ष.

“वकीलसाहेब, सरकारी वकिलांची यादी वर गेली बरं का. तुमचं नाव हाय. मंत्र्यांची सही झाली की झालंच. तेवढा दौरा सुरळीत पार पडू द्या. त्या बाईचं वकीलपत्र तुमच्याकडंच हाय म्हनं?”

“हो. करतील त्या सही,” कुंडलिकराव म्हणाले होते. विचारही करावा लागला नव्हता. आयुष्यभर भोरच्या कोर्टात भाऊबंदकीच्या दाव्यांच्या तारखा घेतल्यावर माणसाला एकदा तरी सरकारी खुर्चीवर बसावंसं वाटतं. त्यात गुन्हा काय, असं त्यांनी भोरहून येताना स्वतःला बरंच समजावलं.

“मायाताई, लेख वेगळा आणि कोर्ट वेगळं,” व्हरांड्यात ते आता म्हणाले. “उगाच आत ठेवलं तर? घरी मुलगी एकटी आहे.”

“ठिवू द्या की. तीच म्हनली, आई, इचारल्याबिगर सही करू नगं.”

शिपायानं पुकारा केला आणि ते बोलणं तिथेच राहिलं.

तहसीलदार दंडाधिकारी म्हणून खुर्चीत बसले होते. माणूस वाईट नव्हता. सकाळपासून एकामागून एक बंधपत्रं घेऊन कंटाळला होता, इतकंच. कुंडलिकरावांचे लेख ते वाचत आणि भेटले की आवर्जून सांगतही. त्यांनी न बघताच कागद पुढे सरकवला.

“माया ओव्हाळ. इथे सही करा.”

“करते साहेब. पर म्या काय केलं, तेवढं मला कळू द्या.”

तहसीलदारांनी मान वर केली. लिहिणाऱ्या कारकुनाचा हात थांबला. खोलीत सहीसाठी बसलेले बाकीचे लोकही तिच्याकडे बघू लागले.

“कोणी शिकवलं हे तुम्हाला?” तहसीलदारांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, पण नजर हळूच कुंडलिकरावांवर येऊन थांबली. ओठांच्या कोपऱ्यात थोडं हसू होतं.

कुंडलिकरावांना वाटलं, ही आता नाव घेणार. वकीलसाहेबांनीच लिहिलंय म्हणणार. संध्याकाळच्या आत ते सोपानरावांच्या कानावर जाणार. ते समोरच्या टेबलाच्या कडेकडे बघत उभे राहिले.

माया त्यांच्याकडे बघत होती. तिनं काय ओळखलं कोण जाणे.

“कुनी न्हाई, साहेब,” ती म्हणाली. “आपलं माझं मलाच वाटलं.”

कुंडलिकरावांचा जीव भांड्यात पडला.

पुढे कितीतरी दिवस त्यांना लाज वाटत राहिली ती या गोष्टीची. घाबरल्याची नव्हे, घाबरतो कोणीही. पण एका बाईनं आपल्यासाठी भर कचेरीत खोटं बोलावं आणि आपल्याला हायसं वाटावं! त्याच क्षणी तोंड उघडता आलं असतं. साहेब, चौकशी सुरू झालेली नाही, हे बंधपत्र आज मागता येत नाही. एवढी दोन वाक्यं. ती त्यांना पाठ होती, छापून आली होती.

ते म्हणाले, “साहेब, माझ्या अशील सही करायला तयार आहेत.”

मायानं त्यांच्याकडे वळून पाहिलं. मग ती टेबलाजवळ गेली आणि कारकुनाचं पेन उचलून, खाली वाकून, सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं. परत येताना त्यांच्याजवळ थांबून हलक्या आवाजात म्हणाली, “तुमी सायबाफुडं बोलून बसलात. आता तुमाला खोटं कशी पाडू?”

त्या आठवड्यात संपादकांचा फोन आला. लेख कुठवर आला? कुंडलिकराव लिहायला बसले. नोटिसांवर लिहायची सोय उरली नव्हती. त्यांनी पक्ष बदलणाऱ्यांवर लिहिलं. खुसखुशीत लिहिलं. रत्नाबाईंनी ऐकलं, “छान” म्हणाल्या, आणि मग भाजी निवडता निवडता विचारलं, “त्या पालीकडच्या बाईचं काय झालं हो? तुमचा लेख वाचून आली होती ती?”

“मिटलं,” कुंडलिकराव म्हणाले आणि उठून अंगणात गेले. चांगलं वाक्य लिहिता येणं हीसुद्धा एक लबाडी असू शकते, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. वाटलं, आणि त्यांनी लेख पाठवून दिला.

दौरा छान झाला. मांडव मोठा होता. सोपानरावांनी कुंडलिकरावांना पुढच्या रांगेत बसवलं. भाषणं झाली, टाळ्या झाल्या, मधे कोणी उठून काही विचारलं नाही. नंतर मागच्या मांडवात जेवणं झाली. मसालेभात, मटकी, जिलेबी. सोपानरावांनी त्यांना मंत्र्यांसमोर नेलं.

“हे आपले सणस वकील. लिहितात पन चांगलं.”

“अरे वा,” मंत्री म्हणाले. “लिहीत राहा. लोकशाहीत लिहिणारी माणसं पाहिजेत.” आणि त्यांनी स्वतःच्या हातानं कुंडलिकरावांच्या ताटात आणखी एक जिलेबी वाढली. कुंडलिकरावांनी ती खाल्ली.

परतताना रस्त्यालगतच्या एका पोलीस चौकीपाशी त्यांची गाडी आपसूक हळू झाली. चौकीच्या ओट्यावर बाकावर माया बसली होती. दाराशी एक महिला पोलीस मोबाईल बघत उभी होती.

ते उतरले. त्यांना बघताच माया उठून उभी राहिली आणि बाकाच्या टोकाला सरकली.

“बसा की, वकीलसाहेब.”

“तुम्ही इथे कशा?”

“सक्काळी गाडी आली. म्हनले, दौरा हाय, तवर हितं बसायचं. आमी पाच-सहा जन हुतो. बाकीच्यांसाठी कुनी कुनी येऊन शबूद टाकला, ती ग्येली.”

“पण तुम्ही सही दिली होती. सही दिल्यावर तुम्हाला आणायला नको होतं.”

“म्या बी त्येच म्हनले,” माया हसली. “तर म्हनले, सही हाय म्हनूनच आनलं. नाव, पत्ता समदं कागदावं हुतं. हुडकाय लागलं न्हाई.”

“वरून फोन आला की सोडतो, साहेब,” महिला पोलीस म्हणाली. “गाड्यांचा ताफा हायवेला लागू द्या.”

कुंडलिकराव बाकावर बसले. आत जाऊन काहीतरी बोलावं, कलम सांगावं, असं मनात आलं. पण कोणत्या तोंडानं? ते घसा खाकरून म्हणाले, “मायाताई, त्या दिवशी कचेरीत मी...”

“जाऊ द्या,” ती चटकन म्हणाली. “तुमाला बी घरदार हाय. आमाला का कळत न्हाई?”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या, तर त्या घेऊन ते घरी गेले असते. त्यांना वर बघवेना.

मग तिनं अगदी सहज, दारात आलेल्या कोणालाही विचारावं तसं विचारलं, “जेवलात का न्हाई?”

जेवलो, म्हणायचं तर कुठे जेवलो हे आलं. घरून निघताना जेवलो, असंही म्हणता आलं असतं. पण त्यांच्या तोंडून निघून गेलं, “नाही. राहिलंच आज.”

“आता गं बया,” म्हणत मायानं मांडीवरचं फडकं सोडलं. आत एकच भाकरी होती आणि तिच्यावर ठेच्याचा गोळा. “पोरीनं बांधून दिली. म्हनली, पोलीस जेवू घालत्याल का न्हाई, काय भरवसा. म्या म्हनलं, सुटल्यावं खावी. हितं घास उतरंना.” तिनं भाकरी मोडायला घेतली आणि हात थांबवला. “चालंल का, आमच्या घरचं?”

या एका प्रश्नावर त्यांनी आजवर किती लिहिलं होतं! आता नको म्हटलं, तर ती मनात काय म्हणेल, हे त्यांना स्वच्छ कळत होतं. आणि हो म्हटलं, तर पोटात जिलेब्या होत्या.

“चालेल का म्हणजे काय,” असं म्हणत त्यांनी हात पुढे केला.

तिनं भाकरी मोडली. एक तुकडा मोठा झाला, एक लहान. मोठा तिनं त्यांच्या हातावर ठेवला, त्याच्यावर ठेचा घातला आणि उरलेला पुन्हा फडक्यात गुंडाळला.

“तुमी?”

“खाईन की घरी जाऊन. तुमी खावा.”

कुंडलिकरावांनी घास मोडला. भाकरी सकाळची होती, पण चांगली भाजलेली. घास तोंडात फिरत राहिला, खाली उतरेना. त्यांनी तो गिळला आणि दुसरा मोडला. सबंध दिवस उपाशी असलेली ती बाई शेजारी बसून, आपण कसं खातो आहोत ते मायेनं बघत होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “ठेचा तिखट हाय व्हय?” तिनं विचारलं. त्यांनी मान हलवली आणि खात राहिले.

आत फोन वाजला. महिला पोलीस दोन शब्द बोलून बाहेर आली. “चला बाई, सुटलात. उठा. नसरापूरची गाडी मिळंल अजून.”

माया उठली नाही.

“थांबा वाईच,” ती म्हणाली. “साहेब जेवत्यात.”