निबेची पाठ

दातांच्या कवळ्या घडवणं हा सुनेचा धंदा. दवाखान्यातून साचे यायचे, त्यांवर ती दात बसवायची, घासायची, चकाकी आणायची. अठरा वर्षांत तिला अशी खोड जडली होती की समोरचा बोलू लागला की ही त्याच्या दातांकडे बघत बसायची. नवरा चारचौघांत सांगायचा, हिनं मला कुठं पसंत केलं, माझ्या सुळ्याला केलं.

सासऱ्यांचा धंदा अक्षराचा. प्रमाणपत्रांवर नावं लिहायची. चाळीस वर्षं, एकच पेन, हजारो नावं. ज्याचं नाव लिहायचं त्याला आपण कधी बघणार नाही, म्हणून तर ते नीट लिहायचं, असं ते म्हणायचे. काही माणसांची पूजा अशीच चालते, टेबलाशी बसून. मग आठ महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, जिभेची धारही राहिली, पण उजवा हात मांडीवर पडला तो पडलाच. डाव्या हातानं त्यांनी एकदा पेन धरून पाहिलं होतं. निब कागदात रुतली, शाईचा डाग पडला. त्यांनी टोपण दातात धरून पेन बंद केलं आणि त्यानंतर दुधाचा हिशेबसुद्धा तोंडी सांगायला लागले.

घरात कोणी त्यावर बोलत नसे. सुनेला मात्र राहवेना. हात अडतोय की पेन, एवढं तरी कळायला हवं होतं. पण चला दुरुस्तीला म्हटलं असतं तर म्हातारा उंबऱ्याबाहेर पडला नसता. म्हणून ती म्हणाली, पेनाची किंमत काढून येते. झालं. आपल्या माघारी हिला कोणी गंडवील या धास्तीनं सासरे काठी घेऊन तिच्या आधी दाराशी उभे.

पेनदुरुस्तीचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची खोली. मालकाला सगळे भिंगवाले म्हणत, कारण ते भिंग डोळ्यावरून काढत नसत, चहा पितानाही. त्यांनी पेन घेतलं, पण उघडलं नाही. आधी अंगठ्यानं जोरजोरात चोळलं आणि नाकाशी नेलं. मग सुनेच्या नाकाशी धरलं.

गंधकाचा वास आला, विझल्या काडीसारखा.

"एबोनाइट," भिंगवाले म्हणाले. "गंधक घालून भाजलेलं रबर. प्लास्टिकला असा वास नसतो, आणि हातात धरलं की अशी ऊबही नसते." मूळचं पेन काळं कुळकुळीत होतं, उजेडानं ते चहाच्या रंगाचं झालं होतं. भिंगवाल्यांनी क्लिप जरा उचलून दाखवली, तर खाली काळ्या रंगाची एक रेघ जशीच्या तशी. सुनेनं ती नखानं चाचपून पाहिली. तिच्याकडे एकदा फार जुनी कवळी आली होती, तिचा टाळूचा भाग असाच तपकिरी, असाच वासाचा होता. तिनं तसं सांगितलं. भिंगवाले खूश झाले. एकच माल, म्हणाले, कुणाच्या तोंडात गेला, कुणाच्या खिशात. शौकीन मंडळी अशा पेनासाठी रांग लावतील.

"तोंडातला नको होता मला," सासरे म्हणाले. पण मान पुढे आली होती.

मग निब भिंगाखाली गेली. सोन्याची, लांब खांद्यांची, आणि टोकावर कठीण धातूचा मोहरीहून बारीक मणी. भिंगवाल्यांनी ती इकडून तिकडून फिरवून पाहिली. शेवटी त्यांनी चक्क डोळ्यावरचं भिंग काढून सुनेच्या हाती दिलं. मण्याच्या पोटाशी, जरा डावीकडे, एक सपाट जागा झिजली होती, आरशासारखी. सुनेला कुणी समजावावं लागलं नाही. दाढेवरची झीज बघून माणूस कुठल्या बाजूनं चावतो हे ती रोज सांगायची. हा सासऱ्यांचा उजवा हात होता, त्याचा कल, त्याचा भार. डाव्या हातात पेन आलं की त्या सपाटीची कड कागदाला लागणार आणि चिरणार. तेवढंच होतं ते.

भिंगवाले म्हणाले, सोपं आहे, कड घासून गोल करतो, डावा हात लोण्यासारखा चालेल.

"आणि ती सपाटी?" सासऱ्यांनी विचारलं.

ती जाणार, भिंगवाल्यांनी सांगितलं. परत येत नाही.

सासऱ्यांनी डावा हात पुढे केला. "द्या इकडे. चाळीस वर्षं घासून मी जे केलं, ते तुम्ही पाच मिनिटांत पुसायचं आणि वर मी लिहायचं? राहू दे बंद."

सुनेनं भिंग डोळ्यावरून काढलं नव्हतं. तिनं पेन हळूच उलटं केलं. मण्याची वरची बाजू कोरी होती, टोकदार, जिला कधी कागद लागलाच नव्हता.

"बाबा, पोटाला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "पाठीनं लिहिलं तर?"

भिंगवाल्यांनी नाक मुरडलं. पाठीवर धातू थोडा, तिथं सुईसारखी धार, शिवाय निब उलटी धरली की तिच्या खालची शाई पोचवणारी जीभ वर जाते, शाई बेतानं येते. मण्याला चीर गेली तर दोन्ही बाजू गेल्या. पण डोळ्यात कुतूहल चमकलं होतं. त्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी पेन सुनेच्या हातून घेऊन भिंगवाल्यांपुढे ठेवलं.

"कवळीवाल्या बाईच्या भरवशावर," म्हणाले, "घासा."

भिंगवाल्यांनी पॉलिशच्या कागदावर निबेची पाठ अलगद फिरवली, आठ आठ वेळा, आणि दर खेपेस भिंगातून पाहिलं. सुनेला आपल्या दातात कळ यावी तसं झालं. मग शाई भरली, कोरा कागद सरकवला.

सासऱ्यांनी पेन उलटं धरलं. पहिली रेघ उमटलीच नाही, नुसता चरा. दुसरी उमटली, केसासारखी बारीक. ओळ कागदाच्या कडेला उतारावर निघाली होती. आठ महिन्यांनी पहिली अक्षरं लिहून झाली तेव्हा त्यांनी कागद भिंगवाल्यांकडे वळवला. लिहिलं होतं:

शाई कमी येते.

भिंगवाल्यांनी निबेची फट जरा उघडायला हात पुढे केला. सासऱ्यांनी कोपर आडवं घातलं. त्यांची पुढची ओळ सुरू झाली होती.