पुदिन्यातला फोन

दोन वर्षं वर्कनेश दर रविवारी आईला एकच गोष्ट सांगत आली होती, "मी मजेत आहे."

दुसरं सांगणार तरी काय? मदाम जोसलीन स्वतःचा फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवायची, घड्याळात दहा मिनिटं लावायची आणि समोर कॉफी पीत बसायची. आपल्या भाषेत हळूच काही बोलावं, तर तीही सोय नव्हती. वर्कनेशच्या आधी त्या घरात तीन इथिओपियन मुली राबून गेल्या होत्या, आणि त्यांच्या कृपेने मदामला अम्हारिक चांगलंच कळायचं.

त्या रविवारी धाकट्या हिरुतने आईच्या हातून फोन हिसकावला.

"ताई, मीपण येतेय बैरूतला. बुधवारी तीन वाजता एजंटकडे सही करायचीय. तू तिकडे मजेत, आणि मी का इथे जळण गोळा करत बसू?"

दोन वर्षं रेटलेलं खोटं बहिणीने खरं मानलं होतं, आणि आता ती त्याच्याच भरवशावर निघाली होती. "हिरुत, सही करू..." एवढंच तोंडातून निघालं, आणि मदामचं बोट फोनवर पडलं.

"वेळ संपली."

"सहाच मिनिटं झाली होती, मदाम."

"बुधवारी दोन वाजता देते ना फोन. बहिणीचं तोंडभर कौतुक कर. तीनच्या आत बोलून झालं म्हणजे झालं."

"आमचे तीन म्हणजे तुमचे सकाळचे नऊ, मदाम. आमच्याकडे दिवस सूर्याबरोबर सुरू होतो. उगवल्यावर तीन तासांनी तीन वाजतात."

मदाम हसली. "तीन मुली ठेवल्या, एकीलाही घड्याळ कळत नव्हतं. या घरात राहतेस ना? मग या घराचं घड्याळ."

वर्कनेश "बरं" म्हणाली. हे "बरं" तोंडातलं होतं. डोक्यातलं वेगळंच होतं. बाई, तुझं घड्याळ तुला लखलाभ.

दाराला बाहेरून कुलूप, किल्ली मदामच्या पर्समध्ये. पण स्वयंपाकघराच्या गॅलरीला कोण कुलूप लावणार? समोरच्या इमारतीत तिच्याच देशाची सेनाइत फरशा पुसायला यायची. नऊ वर्षांत या शहराचे सगळे जिने तिने पुसून काढले होते, आणि आता तिची स्वतःची खोली होती, स्वतःचे कागद होते.

"सेनाइत, मला फोन हवाय. बुधवारी तीनच्या आत."

"आपल्या तीनच्या?"

"आपल्या."

"अगं मग आधी बोलायचं नाही का? माझा जुना आहे, काच तडकलेली. सिम माझ्या नावावर काढते आणि खालच्या वाण्याकडे देऊन ठेवते. पण शिव्या जपून दे हो, सगळ्या माझ्या नावावर पडतील."

मंगळवारी सकाळी वर्कनेशने रोजच्यासारखी दोरीची टोपली चौथ्या मजल्यावरून खाली सोडली. खाली वाणी अबू नजीबने तीत रोट्या ठेवल्या, वर पुदिन्याच्या जुड्या ठेवल्या आणि रस्ताभर ऐकू जाईल असा ओरडला, "आज पुदिना जड आहे गं, जपून ओढ."

ती जपून ओढत राहिली. दोरी हाताला रुतली, पण दोन वर्षांत हात इतका हलका कधी वाटला नव्हता. रात्रभर फोन तांदळाच्या डब्यात झोपला. ती मात्र जागीच होती.

बुधवारी भिंतीवर पावणेनऊ वाजले. मदाम न्हाणीघरात होती. वर्कनेशने गॅलरीत उभं राहून नंबर लावला. पाठ असलेला हिरुतचा नंबर, या शहरात पहिल्यांदा स्वतःच्या बोटांनी. हिरुतने उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. अनोळखी नंबर, पोरगी कशाला उचलेल? तिसऱ्यांदा लावला.

"कोण?"

"मी आहे."

"ताई? हा तुझा नंबर? तुला स्वतःचा फोन मिळाला?" हिरुतचा आवाज आनंदाने फुटला. "बघ, एजंट हेच म्हणत होते. प्रत्येकीला फोन देतात म्हणून."

घ्या. जो फोन खरं सांगायला आणला, तोच खोट्याचा साक्षीदार झाला.

"देत नाहीत, हिरुत. हा पुदिन्यात लपवून आणलाय. तू रांगेत आहेस का?"

"हो. माझ्यापुढे दोघी आहेत."

"मग मला स्पीकरवर टाक."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. मला सवय आहे."

आणि मग वर्कनेश बोलली. हळू नाही, गॅलरीतून, भर रस्त्यावर ऐकू जाईल असं बोलली. "पोरींनो, त्या माणसाला विचारा, दाराची किल्ली कुणाकडे असते. पासपोर्ट कुणाच्या कपाटात असतो. मी दोन वर्षांत एकदाही एकटी जिना उतरले नाही. मजेत आहे म्हणत होते, कारण ऐकायला बाई बसलेली असायची."

"ती आत्ताही ऐकतेय," मागून आवाज आला. मदाम, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हात पुढे. "फोन दे."

समोरच्या गॅलरीत सेनाइतचं फडकं थांबलं. खाली अबू नजीब मान वर करून बघत होता.

वर्कनेशने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "दहा मिनिटं झाली नाहीत, मदाम. चारच झालीत. या घराच्या घड्याळाने."

मदामने हात पुढेच ठेवला, पण तो फोनपर्यंत आला नाही. समोरून आणि खालून बघणाऱ्या डोळ्यांत तो अडकला.

फोनमधून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, कुणी पुरुष ओरडला, मग मोकळी हवा, रस्ता, गाड्यांचे भोंगे.

"ताई, आम्ही पाच जणी बाहेर पडलो. सही नाही केली. पण तुझं काय आता?"

"स्पीकर चालूच ठेव," वर्कनेश म्हणाली. तिने दोन पावलं आत येऊन फोन मदामच्या आणि आपल्या मध्ये, टेबलावर, रविवारच्या त्याच जागी ठेवला. मग तळहात पसरला.

"किल्ली, मदाम. आणि पासपोर्ट. सगळे ऐकताहेत."