जोडीचं टेबल

"बुटाचा उपयोग सांगा," आयडियावाले सर म्हणाले. "पायात घालायचा सोडून. काहीही चालेल, घाबरायचं नाही. इथे चुकीचं उत्तर नसतंच."

"फेकून मारायला!" शिवणीच्या टेबलावरचं कुणीतरी ओरडलं आणि जेवणाची अख्खी खोली हसली. सरही हसले. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'फेकणे'.

मग उत्तरं पटापट यायला लागली. दार अडवायला. खिळा ठोकायला. झुरळ मारायला. वन्सं म्हणाल्या, "कुंडी करायची. तळाला भोक पडलेलं असलं तर पाण्याचा निचराही आपोआप." सर "वा, वा" करत फळ्याकडे वळले.

भागू कोपऱ्यातल्या बाकावर बसून पुढे किती जण उरले ते बघत होती. आपली पाळी जवळ येऊ लागली की तिच्या डोक्यात जे काही असेल नसेल ते सगळं पुसून जायचं. सरांनी तिच्याकडे हात केला. ती उभी राहिली.

"घा... घालायला," ती म्हणाली.

हसण्याचा असा स्फोट झाला की बाहेरचा पहारेकरी आत डोकावून गेला. भागू खाली बसली. कारखान्याचे साहेब भिंतीला टेकून उभे होते. ते हसले नव्हते. त्यांनी हातातल्या कागदावर काहीतरी खूण केली, आणि ती आपल्याच नावापुढे केली याबद्दल भागूला तिळमात्र शंका उरली नाही.

भागू हे तिचं खरं नाव नव्हे. लग्न होऊन आली तेव्हा ती पाल बघून ओरडायची, कुकरची शिट्टी झाली की दचकायची, पोस्टमनने दार वाजवलं तरी न्हाणीघरात जाऊन उभी राहायची. थोरल्या नणंदेने, म्हणजे वन्संनी, तिचं नाव भित्री भागूबाई ठेवलं. पुढे वन्संनीच तिला, त्या स्वतः कामाला होत्या त्या बुटांच्या कारखान्यात लावलं आणि नाव तिच्यासोबत कारखान्यातही आलं. नवरा गेल्यावर वन्सं भावाकडे राहायला आल्या होत्या. आवाज खणखणीत, जीभ तिखट, आणि घरात त्यांच्या शब्दापुढे जायची कुणाची प्राज्ञा नव्हती. भागू त्यांना जितकी भ्यायची तितकी कुणालाच भीत नसे. त्यांच्याशिवाय एक पाऊलही टाकायची नाही, तेही खरंच.

अलीकडे कारखान्याला मागणी कमी झाली होती. साहेबांनी बाहेरून हे सर आणले. दर आठवड्याला जेवणानंतर ते सगळ्यांना डोकं कसं चालवायचं ते शिकवत आणि मग प्रत्येकाने कामात सुधारणा सुचवायची. पहिल्याच दिवशी साहेबांनी अगदी गोड आवाजात सांगितलं होतं, "कुणावर जबरदस्ती नाही. पण महिनाभरात ज्यांना एकही गोष्ट सुचणार नाही, त्यांच्याबद्दल आम्हाला विचार करावा लागेल." भागूने आतापर्यंत 'घालायला' एवढंच सांगितलं होतं. आता एकच बैठक उरली होती.

तिचा नवरा घरांना रंग द्यायचा. काम असलं तर असलं, नाहीतर महिनाभर ब्रश रॉकेलमध्ये बुडून. लेक शाळेत. दोघींच्या पगारावर घर उभं होतं, आणि त्यातला एक पाय आपल्यामुळे निखळणार, ही भीती भागूच्या डोक्यातून जाईना.

तिने सरांचे धडे घरी गिरवायला घेतले. सर म्हणायचे, प्रश्न उलटा करून बघा. दूध उतू जाऊ नये म्हणून काय करू असं विचारण्यापेक्षा, ते उतू जावं म्हणून काय करू, असं विचारा. भागू गॅससमोर उभी राहून विचारत राहिली आणि दूध उतू गेलं.

"अगं, डोकं तापव म्हणाले ते, दूध नाही," नवरा म्हणाला.

सर म्हणायचे, चालता चालता विचार करा. ती चालता चालता खांबावर आदळली. सर म्हणायचे, एकमेकींशी संबंध नसलेल्या दोन गोष्टी शेजारी ठेवा आणि त्यांच्याकडे बघत बसा. तिने लाटणं आणि कंगवा शेजारी ठेवले. लेक येऊन कंगवा घेऊन गेली.

आणि मग, बैठकीच्या आदल्या संध्याकाळी, काही विचार करत नसताना सुचलं.

ती मोजे धूत होती. लेकीच्या मोज्यांतला एक कायम हरवायचा, म्हणून भागू धुण्याआधीच दोन्ही मोज्यांची एकमेकांना गाठ मारायची. गाठ मारलेले मोजे बादलीत जात, पिळले जात, दोरीवर वाळत आणि जोडीनेच कपाटात येत. शोधावे म्हणून लागत नसत. तिने ओले मोजे हातात धरले आणि ती तशीच उभी राहिली.

कारखान्यात एका टोकाला कातडं कापत. भागूचं टेबल त्याच्या लगेच पुढे. कापलेल्या तुकड्यांच्या कडांना डिंक लावायचा आणि त्या दुमडायच्या. तिथून डावे बूट एका रांगेने जात, उजवे दुसऱ्या. शिवण, साचा, तळ, पॉलिश करत दोन्ही रांगा शेवटच्या टेबलावर येऊन पडत. कातड्याची छटा सगळीकडे सारखी नसते, म्हणून तिथे डाव्या-उजव्यांचा ढीग पुढ्यात घेऊन, एकेक बूट खिडकीच्या उजेडात धरून, कोण कुणाचा ते जुळवावं लागे. पण एकाच कातड्यातून शेजारी-शेजारी कापलेले दोन तुकडे सुरुवातीलाच दोऱ्याने बांधले तर? वीतभर दोरा सोडायचा, म्हणजे शिवताना आड येणार नाही. शेवटपर्यंत जोडीनेच जातील. जुळवायला काही उरणारच नाही.

भागूला हसू आलं. आपल्या डोक्यातून एवढी मोठी गोष्ट निघाली, याचा तिला इतका आनंद झाला की तिने तिथल्या तिथे दोरा आणला आणि दाराजवळच्या चपला बांधून, ओढून, उचलून बघितल्या. दोरा आड येत नव्हता. तिने नवऱ्याचे बूट बांधून बघितले, लेकीचे बांधून बघितले. मग वन्संच्या चपला हातात घेऊन बांधल्या आणि तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं.

शेवटचं टेबल म्हणजे जोडीचं टेबल. तिथे एकच बाई बसत होती, आणि तिच्याच चपला भागूच्या हातात होत्या.

"माणसांच्या जोड्या जुळवणारे शिव्या खातात," वन्सं नेहमी म्हणायच्या. "माझ्या जोड्या उलटून बोलत नाहीत." हे वाक्य आठवलं तशी भागूने चपला झटकन खाली ठेवल्या. आपण असा विचार केलाच कसा? वन्संना कळलं तर? तिने दोरे ओरबाडून काढायला घेतले. तेवढ्यात आतून वन्संची हाक आली आणि ती दचकून आत पळाली.

सकाळी वन्संनी दारात चपला घातल्या, पाऊल टाकलं आणि त्या धडपडल्या. दाराची चौकट धरली म्हणून वाचल्या. त्यांनी खाली पाहिलं. त्यांच्या दोन्ही चपलांमध्ये वीतभर दोरा होता.

"हे कुणी केलं?"

भागू दारामागे सरकली. "मी... सहज. खेळता खेळता."

वन्सं वाकल्या. दोरा बोटाने ताणून त्यांनी बराच वेळ पाहिला. मग गाठ सोडवली, दोरा गुंडाळून पाकिटात टाकला आणि त्या म्हणाल्या, "चल, उशीर होतोय."

वाटभर त्या भागूच्या दोन पावलं पुढे चालल्या. कारखान्याचं फाटक दिसायला लागलं तेव्हा वन्संनी विचारलं, "आज काय सांगणार आहेस?"

"काही नाही सुचत, वन्सं."

"खोटं बोलायलाही डोकं लागतं, भागूबाई."

जेवण झालं. सरांनी फळा पुसला. साहेब कागद घेऊन भिंतीपाशी येऊन उभे राहिले. एकेक जण उठून सांगत होता. पंख्याची दिशा बदला, डिंकाच्या डब्याला झाकण करा. भागू मनात हिशेब करत होती. सांगितलं तर वन्सं जातील. नाही सांगितलं तर आपण. तिने मनात देवाचा धावा केला आणि ठरवलं, आपणच.

"हं, ताई, तुम्ही," सर म्हणाले.

ती उभी राहिली. तिने टेबल धरलं. "मला नाही सुचलं," ती म्हणाली.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"हिला सुचलंय," मागून खणखणीत आवाज आला. वन्सं उठल्या होत्या. "हिला सुचलंय, पण भित्री आहे. मी सांगते तिच्या वतीने."

"वन्सं, नको," भागू म्हणाली. पण तिचा आवाज तिलाच ऐकू गेला नाही.

वन्संनी पाकिटातून दोरा काढला. समोरच्या दोघांना पायांतले बूट काढायला लावले, ते फळ्याखालच्या टेबलावर ठेवून बांधून दाखवले, उचलून दाखवले, उलटे-सुलटे करून दाखवले. कापल्याबरोबर जोडी बांधायची, गाठ मारायचं काम भागूच्या टेबलावर, शिवताना दोरा आड येत नाही, सगळं त्यांनी सांगितलं. रात्रभर त्यांनीही डोकं चालवल्यासारखं सांगितलं, आणि त्यांना तर हे सकाळीच कळलं होतं.

सरांचा चेहरा उजळला. "याला म्हणतात विचार! बघा, एवढा साधा दोरा!" त्यांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी वाजवल्या. साहेब पुढे आले आणि त्यांनी दोऱ्याला हात लावून बघितला. "म्हणजे मग शेवटी जुळवायचं जे टेबल आहे, ते..."

"ते माझं," वन्सं म्हणाल्या. "ते लागणार नाही."

टाळ्या थांबल्या. सरांचे दोन्ही हात अर्ध्यावर राहिले होते, ते त्यांनी हळूच खिशात घातले.

"तुमचं आपण नंतर बघू," साहेब म्हणाले.

"नंतर काय बघायचं? अजून महिनाभर बसते. तेवढ्यात जुन्या ढिगाचा निकाल लावते." वन्सं खाली बसल्या आणि पाणी प्यायल्या.

परतताना भागू रस्त्यात रडायला लागली. येणारे-जाणारे वळून बघत होते.

"का सांगितलंत?"

"डोळे पूस आधी. लोकांना वाटेल मी मारलं." वन्सं चालत राहिल्या. "मी गप्प बसले असते तर आज तू घरी. उद्या दुसऱ्या कुणाला तरी हेच सुचलं असतं, की मी घरी. दोघी घरी बसून काय तुझ्या नवऱ्याच्या रंगाच्या डब्यांकडे बघायचं? तुझ्या पदरात पोर आहे. मी काय, एकटा जीव सदाशिव."

"मला तुमची फार भीती वाटते, वन्सं. तुम्ही रागावला असाल म्हणून..."

"रागावलेय मी. चांगलीच रागावलेय." त्या पहिल्यांदाच थांबल्या. त्यांच्या हनुवटीखालची शीर उडत होती, आणि इतक्या वर्षांत भागूला पहिल्यांदा दिसलं की वन्संही घाबरल्या आहेत. "चपला बांधून ठेवल्यास, मेले. पडले असते म्हणजे? माझी भीती वाटू दे. त्या साहेबाची नको."

मग भागूच्या टेबलावर मेणाच्या दोऱ्याचं रीळ आलं. ती दिवसभर गाठी मारायची. प्रत्येक गाठ मारताना तिला माहीत असायचं की ही कुणाच्या हातात जाऊन सुटणार आहे. त्या टोकाला वन्सं बसलेल्या असत. बूट जोडीनेच येत होते, तरी त्या गाठ सोडवायच्या, दोन्ही बूट खिडकीशी धरून बघायच्या आणि मगच खोक्यात ठेवायच्या. त्यांना कुणी नको म्हणालं नाही.

महिना संपला. त्या संध्याकाळी वन्संनी स्वयंपाकघरात ओट्यावर दोऱ्याचा एक गुंडा ठेवला. चांगला मोठा, दोन्ही मुठींत न मावणारा. छोटे छोटे तुकडे एकाला एक लावून गुंडाळलेले.

"एकही गाठ कात्रीने कापली नाही. सगळ्या सोडवल्या," त्या म्हणाल्या. "घेऊन जा उद्या. साहेबांना सांग, रीळ कमी लागेल. ही पण एक आयडिया झाली."

भागूने गुंडा दोन्ही हातांनी उचलला.

"आणि आता माझ्यासाठी डोकं चालव. ते उलटं कसं विचारतात तसं विचार. वन्संना काम मिळू नये म्हणून काय करावं?"

"घरात..." भागूने गुंडा ओट्यावर ठेवला. "घरात बसावं."

"झालं तर. उद्यापासून बाहेर पडते." आणि त्या भांडी घासायला वळल्या. पाठमोऱ्या वन्सं भागूला कधी नव्हे इतक्या बारीक वाटल्या.

सकाळी फाटकापर्यंतची वाट भागू पहिल्यांदाच एकटी चालली. टेबलावर बसून तिने गुंड्याचं टोक सोडवलं. दोरा गाठीच्या जागी वाकडा झाला होता. सवयीने तिने मान वर करून खिडकीकडे पाहिलं. तिथे आता रिकामी खोकी रचून ठेवली होती. तिने मान खाली घातली, डावा आणि उजवा शेजारी घेतला, आणि दोरा जिथे वाकला होता तिथेच पुन्हा गाठ मारली.